माझी सॅक कुठली?

शुक्रवारची रात्र होती, साडेदहा वाजून गेले असतील. हॉलमध्ये भिंतीला टेकवून चार सॅक ठेवलेल्या, दोन मोठ्या, दोन छोट्या, आणि मी फरशीवर पसारा मांडून बसले होते. टॉर्च, जास्तीचे सेल, इलेक्ट्रॉल, क्रेप बँडेज, मुलांचे स्वेटर, कानटोप्या, प्रत्येकाचं ताट-पेला. नवरा वजनकाट्यावर एकेक सॅक ठेवून बघत होता, कारण पोरांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही हे आमचं ठरलेलं. आई ओट्यापाशी उभी राहून दशम्या भाजत होती. दुधात भिजवलेल्या कणकेचा तो वास, जरासा करपल्यासारखा, जरासा गोडूस, सगळ्या घरभर. पाठ आमच्याकडे होती तिची. दशमी उलटता उलटता, मागे न बघता ती म्हणाली, "यात माझी सॅक कुठली?"

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं ती गंमत करतेय. मग ती वळली, हातात उलथनं तसंच, आणि तिच्या चेहऱ्यावर गमतीचं काहीच नव्हतं. नवऱ्याने काट्यावरची सॅक खाली ठेवली. मी काय बोलावं याचा विचार करेपर्यंत आतल्या खोलीतून माझी आठ वर्षांची लेक ओरडली, "आजीला दादाची जुनी सॅक! मी काढून ठेवलीये!" आणि ती खरंच घेऊन आली, निळी, पाचवीत असताना तिचा दादा वापरायचा ती, आतल्या पांढऱ्या लेबलवर अजून त्याचं नाव आणि 'पाचवी ब'. पोरीने आजीला पहिल्या दिवसापासून धरलेलंच होतं. हरिश्चंद्रगडाचा विषय घरात निघाला तेव्हापासून तिच्या हिशोबात आम्ही पाच जण होतो. चार मोजत होतो ते आम्ही दोघं.

खरं सांगायचं तर आईला विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. नको म्हणेल म्हणून विचारलं नाही असंही नाही. विचारायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. ती सहासष्ट वर्षांची आहे, सकाळी बागेत पाच फेऱ्या मारते, बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, त्यांना सोबत लागणार, तर आई असेलच, हे इतकं गृहीत होतं की त्यावर आमचं बोलणंसुद्धा झालं नव्हतं. मग रात्री अकराला भावाला फोन केला, तो एका शब्दाने "येतो" म्हणाला, आणि दोन दिवसांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. हेच मला नंतर फार लागलं. इतकं सोपं होतं ते.

आमच्या घरात ट्रेकिंग म्हणजे बाबा. मी नऊ वर्षांची असताना, १९९२ च्या दिवाळीनंतर, त्यांनी मला आणि भावाला पहिल्यांदा हरिश्चंद्रगडावर नेलं. तेव्हा आपण आतासारखं पायथ्याच्या पाचनई गावाकडून नाही जायचो, दुसऱ्या बाजूच्या खिरेश्वरकडून जायचो. एसटी खुबी फाट्यावर सोडायची, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून चालत खिरेश्वर, मग टोलार खिंड, मग तो कातळाचा टप्पा जिथे बाबांनी मला खालून पाय धरून एकेका खाचेत ठेवायला लावला, आणि मग त्या न संपणाऱ्या टेकड्या, एक संपली की पुढे दुसरी. त्या दिवशी पहाटे चारला उठल्याचं आठवतं. बाहेर काळोख, स्वयंपाकघरात पिवळा बल्ब, स्टोव्हचा आवाज, आणि आई दशम्या करतेय. लसणाची चटणी कागदात, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर रबर. गूळ-शेंगदाण्याचे लाडू ॲल्युमिनियमच्या डब्यात. माझ्या हंटर शूजच्या नाड्या तिने बांधल्या, दोनदा गाठ मारून, आणि दारात उभी राहिली. जिना उतरताना मी मागे वळून हात केला का, मला आठवत नाही.

तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत किती गड झाले असतील, पन्नास तरी. मुलगी म्हणून बाबांनी मला कधी मागे ठेवलं नाही याचा मला केवढा अभिमान होता, अजूनही आहे. आमच्या चाळीत तेव्हा मुलींना गल्लीच्या टोकापर्यंत एकटं सोडायचे नाहीत आणि मी राजगडावर पद्मावतीच्या देवळात भिंतीला पाठ लावून झोपत होते. लोक बाबांना नावं ठेवायचे, बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात परत सॅक भरायचे. कितीतरी जणांना मी हे सांगितलंय, माझ्या मुलांना तर शंभरदा, की बघा आजोबा कसे होते. आणि प्रत्येक वेळी ही गोष्ट सांगताना आई त्या गोष्टीत दारापर्यंत आहे. तिथून पुढे नाही. मी स्वतः ती गोष्ट इतकी वर्षं तशीच सांगत आले.

शनिवारी पहाटे साडेचारला निघालो. चाकणची कोंडी सुरू व्हायच्या आत पार केलं, नारायणगावला चहा घेतला, आळेफाट्यावरून ब्राह्मणवाडा, कोतूळ. कोतूळच्या पुढे रस्ता बारीक होतो आणि डोंगर एकदम जवळ येतात. नोव्हेंबर संपत आलेला, भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांमध्ये नुसते पिवळे बुडखे, कुठे कुठे पेंढ्याच्या गंजी. आई पुढच्या सीटवर होती, काच खाली करून. थंडी आत येतेय म्हणून पोरं मागे कुरकुर करत होती, तिने काच वर घेतली नाही. एरवी आमच्यापैकी कुणाला शिंक आली तरी खिडकी लावणारी बाई. पाचनईला पोचलो, अभयारण्याच्या चौकीवर पावती केली, आणि ती निळी सॅक तिने पाठीवर चढवली. आत काय काय घेतलं होतं ते मी रात्री पाहिलं होतं. दशम्यांचा डबा, चटणी, सुंठ, ओवा, गोळ्या, एक जुनी मऊ सुती साडी. साडी कशाला विचारलं तर म्हणाली, अंथरता येते, पांघरता येते, फडकं होतं, जखमेवर बांधता येते, दोरीपण होते. काट्यावर साडेतीन किलो भरली होती. त्यातलं काही माझ्याकडे दे म्हटलं तर नाही म्हणाली.

चढताना मी तिच्या मागे होते. ती फार हळू चालते, पण थांबत नाही. आम्ही चालतो तसं वीस मिनिटं जोरात आणि मग दगडावर बसकण, असं नाही तिचं. "बसलं की पाय जड होतात" एवढं म्हणाली आणि तशीच एका लयीत वर. डाव्या हाताने गुडघ्यावर जरा दाब देऊन, उजव्या हाताने जे मिळेल ते धरत, झुडूप, कातळाची कड, रेलिंग. ती भल्या मोठ्या भिंतीखालून जाणारी आडवी वाट आहे ना, जिथे डोक्यावर कातळ छतासारखा पुढे आलेला आहे, तिथे सावलीत ती पहिल्यांदा थांबली, आणि तेही दमून नाही. वाटेच्या कडेला कारवी होती. तिने एक काठी बोटांत धरली, वाकवून बघितली, पेरावर नख लावलं. "ही कारवी. आमच्या घराच्या भिंती हिच्या होत्या," म्हणाली. "कारवीचा कूड, वरून शेणमातीचा गिलावा. पावसाळा संपला की आई नि मी सारवायचो." माझ्या मुलाने लगेच माहिती दिली की आजी, ही सात वर्षांनी एकदाच फुलते, सगळी एकदम. ती म्हणाली, "हो. आणि फुलून गेली की मरते, मग सरपणाला." हे त्याच्या पुस्तकात नव्हतं, तो गप्प झाला आणि मग उरलेल्या वाटेत तिच्याच बाजूने चालला.

माहेर मुरबाडकडचं, एवढं मला माहीत होतं. आजोबांना कल्याणला नोकरी लागली आणि ती चौदा वर्षांची असताना सगळे तिकडे गेले, गावातलं घर पडलं, पुढे जागाही विकली. माझा जन्म झाला तोपर्यंत 'आजोळ' म्हणजे कल्याणचं दोन खोल्यांचं घर. त्यामुळे मुरबाड हा माझ्यासाठी फक्त शब्द होता, लग्नपत्रिकेवर असतो तसा.

वर देवळापाशी पोचायला आम्हाला साडेतीन तास लागले. मंगळगंगेच्या पात्रात डोहांमधून पाणी होतं अजून, नितळ, तळाचे गोटे दिसणारं. एका झोपडीवजा हॉटेलात रात्रीचं ठरवलं, पाचनईच्याच एक ताई चालवतात. दशम्या सोडल्या, त्यांनी पिठलं आणि तव्यावरचा ठेचा दिला. केदारेश्वराच्या गुहेत मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून त्या पाच फुटी पिंडीला प्रदक्षिणा घालून आला, ओठ निळे, दात वाजताहेत. आईने साडी काढली आणि त्याला गुंडाळलं. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात ती बराच वेळ बसली, हात जोडून वगैरे नाही, खांबाला टेकून, पाय पसरून.

चारला कोकणकड्याकडे निघालो.

तिथे काय आहे हे मी सांगायला नको. पण माझ्यासाठी कोकणकडा म्हणजे बाबांचा आवाज. दर वेळी ट्रेकहून आलं की बाबा जेवताना सांगायचे, तो कडा नागाच्या फण्यासारखा आत कसा वळलाय, काठावरून मूठभर गवत टाकलं तर वाऱ्याने ते उलटं आपल्याच तोंडावर कसं येतं, आणि ते इंद्रवज्र, कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये लिहून ठेवलेलं, गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. ते बाबांना स्वतःला कधी दिसलं नाही. पण ते बोटाने ताटात आकृती काढून सांगायचे, की कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं, आणि त्याच वेळी खालून कोकणातलं धुकं समोर चढून आलं पाहिजे, दोन्ही जमून आलं तरच. आमटीत बोट बुडवून काढलेला तो कडा मला अजून दिसतो. आई वाढत असायची. पोळी हवी का विचारायची. पुढचं सांगा म्हणायची.

काठाच्या अलीकडे आम्ही सगळ्यांनी सॅक उतरवल्या. नवऱ्याने एकेका पोराला पोटावर झोपवून, घोट्याला धरून खाली बघू दिलं. हजार मीटरपेक्षा जास्त खोल आहे ते, नजर खाली सोडली की पोटात काहीतरी सैल होतं. लेक दोन सेकंदात मागे आली आणि मला घट्ट बिलगली. आई दहा पावलं मागे उभी होती. मला वाटलं घाबरलीय. मी म्हटलं, "नको जाऊस पुढे, इथूनही दिसतं." तिने उत्तर दिलं नाही. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट शेजारी नीट जोडून ठेवले, देवळाबाहेर ठेवतात तसे, मोजे आत कोंबले, ओढणी कमरेला बांधली आणि रांगत काठापर्यंत गेली. मग पालथी झाली. हनुवटी हाताच्या पालथ्या पंजांवर ठेवून. मी धावत जाऊन तिचे घोटे धरले. टाचांना भेगा, त्यात वाटेतली लाल माती बसलेली. आईचे पाय मी असे हातात कधी धरले होते? आजारपणात दाबून दिले असतील. असे नाही.

बराच वेळ ती काही बोलली नाही. खाली दुपारचं धुरकट पसरलेलं होतं, त्यात जंगलाचे काळे पट्टे, एखादी चमकणारी पत्र्याची छपरं. नवऱ्याने दाखवायला सुरुवात केली, तो बाजूचा सुळका नाफ्ता, खाली ते वाल्हिवरे, ते बेलपाडा, डावीकडे गेलं की माळशेज. आई म्हणाली, "थांब." मग बोट पुढे करून हवेत एक रेघ ओढली, डोंगराच्या एका सोंडेवरून खाली, ओढ्याच्या काठाने, आणि एका ठिकाणी थांबली. "तिथे असेल. आमचं." आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं, "मी हा कडा रोज बघितलाय. चौदा वर्षं. खालून."

तिने मग सांगितलं, पालथ्या पालथ्याच, आमच्याकडे न बघता. पावसाळ्यात चार महिने कडा नसायचाच. ढगांत जायचा. आणि नवरात्राच्या जरा आगेमागे एखाद्या सकाळी उठून दात घासायला बाहेर यावं तर समोर परत आलेला, ओला, काळा, त्यावरून पांढऱ्या रेघा खाली येताहेत आणि मधेच वाऱ्याने वर उडताहेत. थंडीत संध्याकाळी तो पेटायचा. "इथे सगळे सूर्याकडे तोंड करून बसलेत बघ," ती म्हणाली, आणि खरंच, काठावर पन्नासेक पोरं मोबाईल समोर धरून सूर्यास्ताची वाट बघत होती. "आम्ही सूर्याकडे पाठ करायचो. ऊन पार इथे वर यायचं, सगळा कडा आधी पिवळा, मग तांबडा, मग गुलाबी, आणि मग खालून अंधार चढत यायचा. अर्धा झाला की आई हाक मारायची, गुरं बांध." वरून कधी कधी बाया उतरायच्या, घाटावरच्या, हिरडा नि मध घेऊन, जाताना मीठ आणि सुकट न्यायच्या. लहानपणी तिने त्यांतल्या एकीला विचारलं होतं, तिथे वर काय आहे? ती म्हणाली होती, "वर काय असणार गं. आमची घरं."

मी विचारलं, "आई, हे तू कधी सांगितलं नाहीस?" माझा आवाज जरा चढलाच असावा. ती कोपरावर कलली, माझ्याकडे बघितलं. रागावलेली अजिबात नव्हती, उलट चेहरा कसा धुतल्यासारखा झाला होता. म्हणाली, "सांगितलं असेल की. तुम्ही सॅक उतरवत असायचात."

त्यानंतर सूर्यास्त झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यातलं फार काही दिसलं नाही. माझ्या डोक्यात आमच्या चाळीतली ती संध्याकाळ फिरत होती, आम्ही तिघं दारात, चिखलाचे बूट, धुराचा वास मारणारे कपडे, तिघंही एकदम बोलतोय, आणि आई हातातला पाण्याचा तांब्या पुढे करत कुठल्यातरी वाक्याच्या मधे म्हणतेय, तो कडा ना, तो आमच्या... आणि कोणीतरी म्हणतंय आई, आधी जेवायला वाढ. असं झालं असेल का? मला असं काही आठवत नाही, आणि न आठवण्याचंच वाईट वाटत होतं. पुन्हा बाबांवर राग काढावा तर तोही निघेना. त्यांनी मला जे दिलं ते इतकं मोठं आहे. त्या काळात एकाच्या पगारात, एकाच खोलीत, म्हातारी आजी अंथरुणाला खिळलेली असताना दोघांनी मिळून घर सोडणं शक्यच नव्हतं, हे मला कळतं. पण आजी जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. माझं लग्न झाल्यावर आम्ही दोघं ट्रेकला जायचो तेव्हा पोरं कोणाकडे असायची? तिच्याकडेच. म्हणजे बाबांच्या सॅकमागे ती होती, आणि माझ्याही.

रात्री भयंकर गारठा पडला. ताईंच्या चुलीपाशी आई जाऊन बसली ती उठेचना. ताई माझ्या मुलाला विचारत होत्या, "तुपलं नाव काय रं?" आणि तो 'तुपलं' शब्दावर खूश. भाकरी थापता थापता ताईंनी आईला विचारलं, माहेर कुठलं, आणि आईने गाव सांगितलं तशा त्या भाकरी हातात धरून थांबल्याच. "आमची सासू साधल्या घाटानं उतरायची की तिकडं! बाजाराला. येकदा खाली आन येकदा वर, डोक्यावर वझं घिऊन." मग दोघींचं जे सुरू झालं. कुठल्या वाडीतली मुलगी कुठे दिली, कुठला झरा उन्हाळ्यात आटत नाही, वरईचा भात कसा लागतो. कोकणातून गडावर चढणारी ती अवघड नळीची वाट म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर दोर, हेल्मेट, तज्ज्ञ लीडर येतात. शेजारच्याच घाटाने या बायका ओझी घेऊन जा-ये करत होत्या, त्यांच्या लेकी खाली दिल्या जात होत्या. आई हसत होती, तोंडावर पदर धरायची तिची जुनी सवय, पदर नव्हता तर हातच धरलेला. पूर्वेकडून मृग वर आला होता, त्याचा बाण तिने नातीला दाखवला, आणि आजीच्या कुशीत त्या सुती साडीखाली ती झोपलीसुद्धा.

पहाटे चारला मला जाग आली. आईची जागा रिकामी. बाहेर आले तर ती पुष्करणीच्या पायरीवर बसलेली, शाल डोक्यावरून. मी शेजारी बसले. दगड इतका गार की बसवत नव्हतं. मी विचारलं, आम्ही जायचो तेव्हा तू काय करायचीस गं दोन दिवस? ती म्हणाली, पहिल्या रात्री झोप लागायची नाही. मग आजीचं सगळं असायचंच. घर आवरायचं, पलंगपोस धुवायचे. मग जरा थांबून म्हणाली, "एकदा मी पर्वती चढून गेले. एकटीच. शेजारच्या काकूंना अर्धा तास आजीपाशी बसवलं. वरून सिंहगड दिसत होता. म्हटलं, त्याच्या मागे कुठेतरी असतील आता." पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या. ती एवढंच सांगून गप्प झाली आणि मीही काही विचारलं नाही. अंधारात पाण्यावर चांदण्या हलत होत्या.

सकाळी नवरा आणि पोरं तारामतीवर गेले. गडावरचं सगळ्यात उंच शिखर, इथवर येऊन ते सोडायचं कसं, म्हणून मी आईला आग्रह केला. "माझं बघून झालं," म्हणाली. आम्ही दोघी परत कड्यावर गेलो आणि दोन तास नुसत्या बसलो. धुकं नव्हतं, इंद्रवज्र वगैरे काही नाही. कडा सावलीत होता, खाली कोकणावर ऊन पडलेलं. तिने शेंगदाणे सोलले, फोलं कागदात जमवली.

उतरताना एकदा ती घसरली, सुट्या मुरमावर, आणि माझं काळीज तोंडात आलं. कोपर खरचटलं फक्त. साडीची चिंधी बांधली. शेवटच्या तीव्र उतारावर ती सरळ खाली बसली आणि बसत बसत, एकेक पायरी, हात टेकत उतरली, आणि खाली पोचल्यावर मागे वळून वरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. फोटो काढू का विचारलं. नको म्हणाली.

घरी पोचायला रात्रीचे नऊ झाले. बाबांनी वॉकर बाजूला ठेवून स्वतः दार उघडलं. आणि सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, "काय, कसा झाला?" मी बाजूला झाले. मागे आई होती, पाठीवर सॅक, कोपराला चिंधी, केस सगळे विस्कटलेले. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीचा आधार घेऊन हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावरून सॅक उतरवून घेतली. भावाने खिचडी टाकली होती. आई बोलत होती, बाबा ऐकत होते, मधे एकदाच म्हणाले, "पुढचं सांग."

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेलेली असताना मी बाबांना विचारलंच. तुम्हाला माहीत होतं, तिच्या गावातून कडा दिसायचा? ते खूप वेळ खिडकीबाहेर बघत होते. "लग्न झालं त्या वर्षी म्हणाली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, रोज बघितलाय म्हणजे तिचा बघून झालाय." मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "खालून कसा दिसतो, मी कधी विचारलं नाही."

बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर गॅलरीत दोरीवर ती निळी सॅक उलटी वाळत घातलेली. एक चेन खराब होती, ती कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याकडून बदलून आणली होती तिने, साठ रुपये दिले म्हणाली. मी सॅक काढून घडी घालायला घेतली. आतलं पांढरं लेबल जरा ओलसर होतं अजून. मुलाचं नाव आणि 'पाचवी ब' यांवर बॉलपेनने एक बारीक रेघ मारलेली, आणि खाली तिच्या त्या शाळकरी, गोल अक्षरात तिचं नाव, पूर्ण.

आतून तिने विचारलं, "रतनगडाला शिड्या आहेत ना गं? किती आहेत?"